साठवण आणि सांधा



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकाला जोडावयाच्या उपकरणांचा इतिहास सांगावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु लेखन, लिपी आणि लिहिलेल्याचे जतन हाच माझ्या अभ्यासाचा विषय राहिला आहे. खिशात मावणारी साठवण आणि तिला इतर यंत्रांशी जोडणारा सांधा यांचा इतिहास हा त्याच विषयाचा अलीकडचा अध्याय होय.

१९९० च्या सुमारास संगणकाची मागील बाजू म्हणजे निरनिराळ्या खाचांचे प्रदर्शनच असे. कीबोर्डची खाच वेगळी, मोडेमची वेगळी, प्रिंटरची पंचवीस छिद्रांची आणखी वेगळी. नवे उपकरण जोडण्यासाठी पुष्कळदा संगणक बंद करून पेटी उघडावी लागे. मजकूर एका यंत्रातून दुसऱ्यात न्यावयाचा तो साडेतीन इंची फ्लॉपीवरून, आणि तिची क्षमता जेमतेम १.४४ मेगाबाइट.

या अव्यवस्थेतून ज्यांनी वाट काढली, त्यांत अजय भट्ट यांचे नाव अग्रभागी आहे. आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि १९९० मध्ये इंटेल कंपनीत रुजू झाले. सर्व उपकरणांना एकच सांधा असावा, ही त्यांची व त्यांच्या सहकाऱ्यांची कल्पना. कॉम्पॅक, डिजिटल, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या तीसाठी एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली संहिता सिद्ध झाली. तिच्या वापरासाठी स्वामित्वशुल्क आकारावयाचे नाही असे ठरले, म्हणूनच ती सर्वत्र पसरली.

या सांध्याची रचना मोठी मार्मिक आहे. मूळच्या सांध्यात चार तारा असत : दोन विजेच्या, दोन माहितीच्या. विजेच्या पट्ट्या किंचित लांब ठेवलेल्या, म्हणजे वीज आधी पोचते आणि संभाषण मागाहून सुरू होते. संगणक हा यजमान. तो आलेल्या पाहुण्याला ‘आपण कोण, आपले काम काय’ असे विचारतो, त्याला एक क्रमांक देतो आणि मगच देवघेव सुरू होते. एका यजमानाकडे असे १२७ पाहुणे राहू शकतात.

साठवणीचा धागा जपानमधून आला. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी वीज गेल्यावरही मजकूर धरून ठेवणारी फ्लॅश स्मृती १९८४ मध्ये विद्वानांपुढे मांडली. हे दोन्ही धागे २००० साली एकत्र आले आणि आपण ज्याला पेन ड्राइव्ह म्हणतो ते साधन बाजारात आले. आरंभीच्या पेन ड्राइव्हची क्षमता होती ८ मेगाबाइट.

एक अडचण मात्र उरली. कॅमेरा आणि पेन ड्राइव्ह हे दोघेही पाहुणे. यजमानावाचून त्यांनी एकमेकांशी बोलावे कसे? लहान उपकरणालाही प्रसंगी यजमान होता यावे, अशी पुरवणी २००१ मध्ये या संहितेला जोडण्यात आली. आज पेन ड्राइव्ह थेट मोबाइलला लावता येतो, तो या पुरवणीमुळे. पुढे २०१४ मध्ये उलटसुलट कसाही बसणारा ‘सी’ सांधा आला.

या इतिहासातून निघणारा धडा असा : साठवण कितीही टिकाऊ असली तरी सांधा हरवला की ती मुकी होते. इंग्लंडात १०८६ साली लिहिलेली डूम्सडे बही आजही डोळ्यांनी वाचता येते. तिच्या नवशताब्दीनिमित्त बीबीसीने १९८६ मध्ये लेसर तबकड्यांवर तयार केलेली नवी डूम्सडे मात्र वीस वर्षांच्या आतच वाचेनाशी होऊ लागली, कारण त्या तबकड्या चालविणारी यंत्रे दुर्मीळ झाली. अखेर विद्यापीठीय संशोधकांना जुन्या यंत्राची नक्कल नव्या संगणकात उभी करून तो मजकूर सोडवावा लागला.

आपल्याला याहून जवळचा दाखला आहे. बडोदे संस्थानचे पुष्कळसे जुने दप्तर मोडीत आहे. कागद शाबूत, शाई शाबूत, पण वाचणारे विरळ. मोडी हा आपला तुटलेला सांधा होय. २०१४ मध्ये युनिकोडने मोडीला स्थान दिले, तरी यंत्रात अक्षर असणे आणि माणसाला ते वाचता येणे यांत अंतर आहे.

तेव्हा दोन कामे मी आपल्यापुढे ठेवतो. ज्यांच्या घरी जुन्या फ्लॉपी पडून असतील, त्यांनी त्या चालविणारे यंत्र मिळते आहे तोवर त्यांतील मजकूर नव्या साधनावर उतरवून घ्यावा, आणि दर काही वर्षांनी तो पुन्हा उतरवीत राहावे. आणि ज्यांच्या घरी मोडीतील कागद असतील, त्यांनी नव्या पिढीतील निदान एकाला ती लिपी शिकवावी. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्याला वाचावयास शिकविले. ते वाचन पुढच्या पिढीपर्यंत पोचविणे ही आपली जबाबदारी आहे.