एका पानाआड अठरा वर्षं

सिक्वेलवर चिडण्याचा शोध काही आपल्या पिढीने लावलेला नाही. २०१९ साली 'गेम ऑफ थ्रोन्स'चा आठवा सीझन नव्याने लिहून पुन्हा बनवा, अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर पंधरा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. मित्राने लिंक पाठवली, मीही सही ठोकली. तेव्हा मला एक जुनं पुस्तक आठवलं. त्यातही ड्रॅगन होते, तेही पुढच्या भागात बिघडलं होतं (असं माझं मत होतं), आणि तेव्हा अर्जबिर्ज माहीत नसल्यामुळे मी ते रागाने माळ्यावर टाकून दिलं होतं.

त्या पुस्तकाची आणि त्याच्यावर रागावलेल्या वाचकांची ही गोष्ट. यात स्पॉयलर आहेत. पण पुस्तक १९९० चं आहे, त्यामुळे माफी मागत नाही.

बारावीच्या वर्षी मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मला उर्सुला ल ग्विन यांच्या 'अर्थसी' मालिकेची जुनी, जाडजूड प्रत मिळाली. चार कादंबऱ्या एकाच बांधणीत. आधीच्या मालकाने समासात पेन्सिलीने बारीक शेरे मारले होते. वाचताना कोणीतरी शेजारी बसल्यासारखं वाटायचं.

अर्थसी म्हणजे शेकडो बेटांचं जग. तिथे प्रत्येक माणसाला, प्रत्येक ड्रॅगनला एक खरं नाव असतं आणि ते ज्याला कळलं त्याच्या हाती सत्ता येते. १९६७ मध्ये पार्नासस प्रेस नावाच्या एका छोट्या अमेरिकी प्रकाशकाने ल ग्विनबाईंना मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा म्हणून विचारलं. जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारेच का असतात, तरुणपणी ते काय करत होते, जादू शिकले कुठे, असे प्रश्न त्यांना पडले. त्यातून १९६८ मध्ये 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आलं. जादूच्या शाळेत जाणारा मुलगा, हॅरी पॉटरच्या २९ वर्षं आधी.

तो मुलगा म्हणजे गेड. गाँट बेटावर शेरडं राखणारा. घमेंडीत स्वतःचीच काळी सावली जगात सोडतो आणि शेवटी तिला सामोरा जातो. मधे एका म्हाताऱ्या ड्रॅगनला नुसत्या नावाच्या बळावर नमवतो. १९७१ च्या 'द टूम्ब्स ऑफ अटुआन'मध्ये तेनार भेटते. लहानपणीच घरातून उचलून, नाव काढून घेऊन देवळात कोंडलेली पुजारीण. गेड आणि ती एकमेकांना तिथून बाहेर काढतात. १९७२ च्या 'द फार्दस्ट शोअर'मध्ये गेड सर्वांत मोठा जादूगार झालाय. मृतांच्या देशात जाऊन तो जग वाचवतो, त्यात त्याची सगळी शक्ती संपते आणि कालेसिन नावाचा ड्रॅगन त्याला पाठीवर घेऊन उडून जातो.

काय शेवट! आधीच्या मालकाने तिथे तीन उद्गारचिन्हं काढली होती. मी पान उलटलं. चौथं पुस्तक, 'तेहानू'.

आणि मी थेट स्वयंपाकघरात पोचलो.

तेनार आता एका शेतकऱ्याची विधवा आहे. मुलं मोठी होऊन पांगलीत. तिने थेरू नावाची एक लहान पोर सांभाळायला घेतलीय. थेरूच्याच माणसांनी तिच्यावर अत्याचार करून तिला आगीत टाकलं होतं. तिचा अर्धा चेहरा जळालेला, एक डोळा गेलेला, एक हात कामातून गेलेला. कालेसिन येतो, गेडला उतरवून निघून जातो. पण हा गेड आजारी आहे, शरमलेला आहे. राजाचे लोक भेटायला आले तर तो डोंगरात शेरडं राखायला पळतो. बाकी मग भांडी, लोकर, शेळ्या, आजारपणं.

पुस्तकाच्या मधोमध आधीच्या मालकाने मोठ्या अक्षरांत विचारलं होतं, 'ड्रॅगन कुठायत?' त्यानंतर पेन्सिल नाही. त्याच्या थोडं पुढे मीही थांबलो.

मला तेव्हा माहीत नव्हतं ते हे, की मी उलटलेल्या त्या एका पानाआड अठरा वर्षं होती. कथेत वेळ गेलेलाच नाही. तोच ड्रॅगन, त्याच्या पाठीवरून उतरणारा तोच माणूस. पण तिसरं पुस्तक १९७२ चं आणि चौथं १९९० चं. पहिल्या तीन भागांवर वाढलेली मुलं एव्हाना तिशीत पोचली होती. त्यांनी मनात जपून ठेवलेला गेड त्यांना परत हवा होता, आणि मिळाला शेळ्यांमागे लपणारा म्हातारा.

वाचकांमध्ये उभी फूट पडली. एक गट म्हणाला, बाईंनी आमच्या नायकाचा कचरा केला. जुन्या जगात आजचं स्त्रीवादी राजकारण कोंबलं. मुलांच्या मालिकेत इतकी भयानक हिंसा कशाला? दुसरा गट म्हणाला, या पुस्तकाची आम्ही किती वर्षं वाट बघत होतो! लेखकांच्या संघटनेने मतदान करून 'तेहानू'ला सर्वोत्कृष्ट कादंबरीचा नेब्युला पुरस्कार दिला, पण भांडण मिटलं नाही. आजही अर्थसीचे दोन चाहते भेटले, की थोड्या वेळाने 'तेहानू'वरून त्यांचं वाजतंच.

यातला 'राजकारण कोंबलं' हा आरोप मला महत्त्वाचा वाटतो, कारण माझाही तोच होता. तो तपासायचा तर पहिल्या पुस्तकाकडे परत जावं लागतं. तिथे सुरुवातीलाच गाँटवरची म्हण येते, की बायकांची जादू दुबळी असते आणि दुष्टही असते. रोकच्या जादूशाळेत एकही मुलगी नाही. १९६८ मध्ये हे कोणाला खटकलं नाही. मला तर कितीतरी नंतरही खटकलं नाही. म्हणजे राजकारण पहिल्यापासून तिथेच होतं, फक्त आपल्या बाजूचं असल्यामुळे ते कोणाला दिसत नव्हतं. 'तेहानू'मध्ये ल ग्विनबाईंनी जगाचे नियम बदलले नाहीत. तेच नियम ज्यांना सोसावे लागतात त्यांच्या जागी जाऊन त्या उभ्या राहिल्या.

त्यांची ही सवयच होती. १९६९ च्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या कादंबरीत त्यांनी असे लोक कल्पिले, जे कायमचे पुरुषही नसतात आणि स्त्रियाही. तरी त्यांच्यासाठी सर्वनाम वापरलं पुरुषांचंच. टीका झाली. १९७६ च्या एका निबंधात त्यांनी स्वतःचा बचाव केला. १९८७ मध्ये त्याच निबंधाकडे त्या परतल्या. जुना मजकूर पुसला नाही, तसाच ठेवून त्याला नव्या टिपा जोडल्या. इथे मी चुकले, इथे मी उगाच बचाव करत होते, अशा अर्थाच्या. 'तेहानू' मला तशीच टीप वाटते. पहिली तीन पुस्तकं तशीच ठेवून त्यांच्या समासात लिहिलेली. पण अशी टीप लेखकाबरोबर वाचकालाही टोचते, कारण लेखकाचं जे निसटलं ते वाचकाच्याही नजरेतून निसटलेलं असतं.

माझी नजर किती कच्ची होती, याचा आणखी एक पुरावा देतो. गेड गोरा नाही. त्याचा रंग तांबूस तपकिरी आहे, हे पहिल्याच पुस्तकात लिहिलंय. अर्थसीचे बहुतेक लोक सावळे नाहीतर काळे आहेत, गोरी आहे ती तेनार. तरी वर्षानुवर्षं अनेक मुखपृष्ठांवर गेड गोराच छापला गेला. २००४ च्या टीव्ही मालिकेतही गोराच नट घेतला, तेव्हा ल ग्विनबाईंनी त्याबद्दल जाहीरपणे आणि सडकून लिहिलं. ते वाचून मी दचकलो. मी स्वतः सावळा. माझ्या डोक्यातला गेड मात्र गोरापान होता. पुस्तकात स्पष्ट शब्दांत माझ्यासारखा नायक होता आणि मी तो वाचलाच नव्हता.

अर्जावर सही केल्यानंतर, त्याच वर्षी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून ती प्रत खाली आली. या वेळी मी थेट चौथ्या पुस्तकापासून सुरुवात केली.

सुरुवातीच्या प्रकरणांतच गेडचा गुरू ओगियन मरतो. त्याच्या उशाशी तेनार असते. मरताना तो आपलं खरं नाव तिला सांगतो. मग दोन मोठे जादूगार येतात आणि त्याला कुठे पुरायचं यावरून वाद घालू लागतात. तेनार तिथेच उभी आहे, त्याची इच्छा तिला माहीत आहे, नाव माहीत आहे, ती ते सांगतेही. पण बाईमाणूस काहीतरी महत्त्वाचं सांगत असेल, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही.

मी तिथे पुस्तक मिटलं. बारावीच्या वर्षी माझी आजी अंथरुणाला खिळली होती. आई पहाटे उठून तिचं अंग पुसायची, कूस बदलायची, पेज भरवायची आणि मग डबे करून ऑफिसला जायची. डॉक्टर आले की बोलायचे बाबांशी. आजीने रात्री काय खाल्लं, किती वेळा उठली, हे फक्त आईला माहीत असायचं. हे सगळं चालू असताना मी त्याच खोलीत खिडकीशी बसून 'तेहानू' वाचत होतो. आणि मित्राला सांगत होतो, चौथ्या भागात काही घडतच नाही रे.

'तेहानू' निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. त्यातला खलनायक जादूगार नुसताच दुष्ट आहे, त्याला दुसरा रंग नाही. शेवटी ड्रॅगन येऊन सगळ्यांना वाचवतो, तेही मला घाईचं वाटतं. हे आक्षेप तेव्हाच्या वाचकांनीही घेतले होते आणि ते रास्त आहेत. खुद्द ल ग्विनबाईंनाही हिशेब पुरा झाल्यासारखं वाटलं नसावं. 'तेहानू'वर त्यांनी 'अर्थसीचं शेवटचं पुस्तक' असं छापलं होतं. २००१ मध्ये आणखी दोन पुस्तकं काढून त्यांनी तो आपलाच मूर्खपणा होता, अशी कबुली दिली.

पण पेन्सिलवाल्याच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात आहे. तो आणखी शंभरेक पानं थांबता तर त्याला मिळालं असतं. अर्थसीत फार पूर्वी माणसं आणि ड्रॅगन एकच होते, अशी कथा तेनार थेरूला सांगते. शेवटी कालेसिन त्या जळालेल्या पोरीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतो आणि आपली मुलगी म्हणतो. तेहानू. ड्रॅगन पहिल्या प्रकरणापासून चुलीपाशी बसलेला होता.

पुस्तक संपवून मी आईला विचारलं, "आजी आजारी होती ना, त्या वर्षाचं तुला काय आठवतं गं?"

तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "तुझी बारावी होती."