रस्ता तशी गाडी

आमच्या पिढीला पोलिसांची गाडी म्हटली की जीपच आठवते. इंग्लंडमधल्या आमच्या वयाच्या माणसाला मात्र काळी वूल्सली किंवा जग्वार आठवेल. काम एकच, मग गाड्या इतक्या वेगळ्या का? याचे उत्तर रस्त्यात आहे.

वूल्सली 6/80 ही मोटार 1948 ते 1954 या काळात तयार होत असे. लंडनच्या डांबरी रस्त्यांवर पोलिसांना ती पुरत होती. 1959 साली एम-1 महामार्ग खुला झाला. गंमत म्हणजे, त्यावर सुरुवातीला वेगमर्यादाच नव्हती! तिथे गस्तीला ताशी 200 किलोमीटरच्या आसपास धावणारी जग्वार मार्क-2 उपयोगी पडली. ताशी 70 मैलांची मर्यादा आली ती 1965 च्या डिसेंबरात.

आता आपल्या भंडारा जिल्ह्याकडे पाहू. धानाच्या बांध्या, जागोजागी तलाव आणि मधून वाहणारी वैनगंगा. रोवणीच्या दिवसांत पांदणीत बैलगाडीसुद्धा रुतते. अशा ठिकाणी नुसता वेग काय कामाचा? आधी पोचायला हवे. अमेरिकी सैन्यासाठी 1940-41 साली घडवलेली जीप इथे कामी आली. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली. पुढे ती पोलीस ठाण्यांसमोर दिसू लागली.

जीप चिखलातून निघते कशी? समजा, माणसांसह तिचे वजन 1200 किलो आहे, चिखलाचा घर्षणगुणांक 0.2 आहे आणि पुढे जाण्यास 180 किलोभाराचा विरोध होतो. इंजिनाने मागची दोनच चाके फिरवली, तर पकडीसाठी निम्मेच वजन उपयोगी पडते : 600 × 0.2 = 120. गाडी अडकते. चारही चाके फिरवली, तर 1200 × 0.2 = 240. गाडी निघते. शिवाय जादा गिअरपेटीमुळे वेग जवळजवळ निम्मा होऊन चाके फिरवणारा जोर सुमारे दुप्पट होतो. मात्र पकड नसेल, तर त्या जोराने चाके जागीच गरगरतात. फक्त मागची चाके फिरवणाऱ्या जीपही पोलिसांकडे होत्या; त्या कुठे अडत असतील, हे वरच्या हिशेबावरून कळतेच.

हा हिशेब वर्गात मुलांकडून करून घ्यावा. कोरड्या डांबरी रस्त्यासाठी गुणांक 0.7 धरला, तर दोन चाकेही पुरतात, हे त्यांचे त्यांनाच दिसेल. मग विचारावे : आपल्या गावात भरपावसात रात्री पोलीस किंवा डॉक्टर वेळेवर पोचायचे असतील, तर गाडी बदलावी की रस्ता?