शिवणीपासून यवभर

अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती ऐकून चारचौघे हसतात; ज्याचे दुखत असते तो मात्र हसतही नाही आणि बोलतही नाही. चकली-करंजीच्या ताटाशी हा विषय कशाला, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. पण या अवघड जागेला मोठा इतिहास आहे. त्यात शूर माणसे आहेत, अडाणी माणसे आहेत आणि वर्षातून एकदा मेजवानी घालून आपल्या दुखण्याचा वाढदिवस साजरा करणारा एक इंग्रज गृहस्थही आहे. सणाच्या दिवशी सांगण्याजोगी ही गोष्ट आहे, कारण ती शेवटी अंधाराची आणि दिव्याचीच आहे.

प्रथम त्या मुलखाचा भूगोल पाहू. आपल्या धडाच्या तळाशी हाडांचे एक कडे आहे. मागे माकडहाडावरचे त्रिकोणी हाड, दोन्ही बाजूंना कंबरेची रुंद हाडे, आणि ती पुढे जिथे जुळतात तो जघनाचा सांधा. या कड्याच्या आत, सांध्याच्या अगदी पाठीशी मूत्राशय बसलेले असते. पुरुषाच्या शरीरात त्याच्या खाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. मूत्रमार्ग या ग्रंथीला आरपार भेदून खाली उतरतो. मूत्राशयाच्या मागे दोन शुक्राशये, आणि त्यांच्याही मागे गुदाशय. वृषणांपासून निघालेल्या दोन बारीक नळ्या वर चढून, मूत्राशयाला वळसा घालून मागच्या बाजूने खाली येतात आणि त्या ग्रंथीतच मूत्रमार्गाला मिळतात. म्हणजे वंशाची वाट आणि मूत्राची वाट येथे एक होते. या सगळ्या संसाराला खालून स्नायूंची जमीन आहे, आणि तिच्यावर बाहेरून, मधोमध, कातडीची एक उभी रेघ दिसते. जणू दोन तुकडे जोडून कोणी शिवण घातली आहे. आपल्या प्राचीन वैद्यांनी तिला सेवनी असेच नाव दिले.

या दाट वस्तीत एक पाहुणा न बोलावता येत असे. तो म्हणजे मुतखडा. आज मुतखडा म्हटला की आपल्याला मूत्रपिंड आठवते. पण पूर्वीचा मुतखडा बहुधा मूत्राशयात वाढे, आणि तोही गरिबांच्या लहान मुलांत. नुसत्या धान्यावर वाढलेल्या, दूधदुभते न मिळणाऱ्या पोरांना तो गाठी. मुलींचा मूत्रमार्ग आखूड, त्यामुळे बारीक खडा निघून जाई. मुलग्यांच्या लांब वाटेत तो अडे, आत राहून मोठा होई. लघवीला बसलेला मुलगा किंचाळत लोळू लागला की आईबापांनी ओळखावे. औषधाने खडा विरघळत नसे. उरे तो चाकू.

आणि चाकू चालवायचा कोठून? वरून जावे तर पोट उघडण्याची धास्ती. म्हणून खालून, त्या शिवणीशेजारून जायचे. वाट चार बोटांची. पण चुकली तर प्राण जाई, आणि प्राण वाचला तर पौरुष जाई.

ही वाट सर्वांत आधी नीट लिहून ठेवणाऱ्यांत आपला सुश्रुत येतो. सुश्रुतसंहितेतील अश्मरीचिकित्सेचा अध्याय आज वाचला तरी अंगावर काटा येतो, इतका तो प्रत्यक्षातला आहे. रोग्याला उताणे निजवून त्याचे वरचे अंग दुसऱ्या बळकट माणसाच्या मांडीवर टेकवावे, पाय दुमडून पट्ट्यांनी बांधावेत, डाव्या हाताची दोन बोटे तूप लावून गुदद्वारातून आत घालावीत, खडा हळूहळू खाली आणावा, आणि तो शिवणीच्या बाजूला गाठीसारखा वर आला म्हणजे डाव्या अंगाने, शिवणीपासून यवभर अंतर सोडून, खड्याच्या मापाचा छेद घ्यावा. खडा फुटू देऊ नये. त्याचा कण जरी मागे राहिला तरी तो पुन्हा वाढतो.

यव म्हणजे जवाचा दाणा. एका दाण्याची रुंदी! पण या मापामागे काय आहे ते पुढच्याच उपदेशात कळते. चाकूने टाळायच्या आठ जागा सुश्रुताने सांगितल्या आहेत. त्यांत मूत्राचे मार्ग आहेत, शुक्र वाहणाऱ्या नळ्या आहेत, वृषणांकडचे मार्ग आहेत, शिवण, गुद आणि मूत्राशय आहे. कोणती जागा कापली तर काय ओढवते तेही तो सांगतो: इथे कापले तर मृत्यू, इथे कापले तर षंढत्व, इथे कापले तर लघवी सदा ठिबकत राहील. हे तर्काने सुचणारे ज्ञान नव्हे. याच ग्रंथात प्रेत गवताने वेढून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात सात रात्री कुजत ठेवण्याची आणि मग वाळ्याच्या वा बांबूच्या कुंचल्याने एकेक थर सोलून डोळ्यांनी पाहण्याची रीत दिली आहे. ज्याला शल्यकर्म करायचे त्याने आधी पाहिले पाहिजे, हा त्याचा आग्रह. आणि इतके करूनही शस्त्र उचलण्यापूर्वी राजाची अनुज्ञा घ्यावी, असे तो बजावतो. कारण शस्त्र न लावले तर मरण ठरलेले, आणि लावले तर जगण्याचा निदान संशय आहे.

पश्चिमेकडची कथा निराळी नाही. ग्रीकांच्या प्रसिद्ध वैद्यशपथेत खड्यासाठी चाकू न लावण्याचे वचन आहे. ते काम ज्यांचे त्यांनी करावे. पहिल्या शतकातल्या रोमच्या सेल्ससने बोटांनी खडा खाली आणून कापण्याची रीत लिहिली, पण वेळ गेला तसा शिकलेला वैद्य या कामापासून दूर सरकला आणि गावोगाव हिंडणारे खडेकापे पुढे आले. त्यांच्या हाताची लोकांना किती दहशत असेल ते आम्स्टरडॅमच्या यान डी डोट या लोहाराने दाखवून दिले. दोनदा असल्या शस्त्रक्रिया सोसलेल्या या गड्याने 1651 साली बायकोला मासळीबाजारात पाठवले आणि स्वतःच्या हाताने स्वतःचा खडा कापून काढला! तो कोंबडीच्या अंड्याहून मोठा होता. डाव्या हातात खडा आणि उजव्या हातात सुरी घेतलेले त्याचे तैलचित्र आजही पाहायला मिळते.

आता तो मेजवानीवाला इंग्रज. सॅम्युएल पीप्स हा आपल्या रोजनिशीमुळे अमर झालेला माणूस. 26 मार्च 1658 रोजी, वयाच्या पंचविशीत, लंडनमध्ये एका बहिणीच्या घरी त्याने आपला खडा काढवून घेतला. शुद्ध हरपणारे औषध तेव्हा नव्हते. टेनिसच्या चेंडूएवढा खडा निघाला आणि पीप्स जगला. त्या खड्यासाठी त्याने 25 शिलिंगांची पेटी करवली आणि दर 26 मार्चला आप्तेष्टांना जेवण घालायचा नेम धरला. पुढे 1669 साली एका मित्राचा भाऊ याच रोगाने गांजला, तेव्हा त्याला धीर यावा म्हणून पीप्स खडा घेऊन त्याला दाखवायला गेला. मात्र पीप्सला मूलबाळ झाले नाही. त्या चाकूने शुक्राची वाट दुखावली असावी, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. सुश्रुताच्या आठ जागा आठवाव्यात!

धैर्याला ज्ञानाची जोड नसली तर काय होते, याची सर्वांत करुण कथा फ्रान्सच्या झाक बोलिय याची. लोक त्याला ब्रदर झाक म्हणत. हा साधूच्या वेषात हिंडणारा गरीब, निर्लोभी, मनाचा चांगला माणूस. खडा मी काढला, बरे करणारा देव, अशी त्याची वृत्ती. 1697 साली तो पॅरिसला आला आणि त्याच्या चपळाईने राजधानी थक्क झाली. पुढच्या वर्षी त्याने साठेक रोगी कापले. त्यांपैकी 25 दगावले. मेरी नावाच्या शल्यविशारदाने मेलेल्यांची शवे उघडली, तेव्हा कोणाचे मूत्राशय आरपार चिरलेले, कोणाचा गुदाशय फाटलेला निघाला. त्याची वाट बरोबर होती. पण वाटेत काय काय आहे, हे त्याला ठाऊकच नव्हते.

दुसरा कोणी असता तर रागावून निघून गेला असता. झाक वयाची पन्नाशी गाठत असताना शिकायला बसला. त्याने शवविच्छेदन पाहिले, मूत्रमार्गात घालायच्या सळईला चाकू घसरू नये म्हणून खाच घेतली, आणि 1701 साली व्हर्सायमध्ये 38 रोगी कापले. त्यांतला एकही मेला नाही. माणूस तोच, हात तोच, देवावरची श्रद्धाही तीच. वाढले होते ते फक्त डोळ्यांनी पाहिलेले.

त्या वाटेवरचा शेवटचा दगड लंडनच्या विल्यम चेसल्डनने बसवला. 1713 साली त्याने शरीररचनेचा ग्रंथ पंडितांच्या लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या इंग्रजीत लिहिला. वरून पोटातून जाण्याची रीत त्याने करून पाहिली, तिच्यातले धोके ओळखून सोडली, आणि 1727 च्या सुमारास बाजूच्या छेदाची रीत शवांवर पारखून बसवली. रुग्णालयात 213 जणांचे खडे त्याने काढले, दगावले 20. काही वेळा सारे काम मिनिटाच्या आत उरके. एवढा सिद्धहस्त माणूस, पण शस्त्रक्रियेपूर्वी भीतीने आपल्याइतका कोणी आजारी पडला नसेल, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. पाहिलेल्या माणसाला भीती वाटते, कारण कुठे काय आहे ते त्याला दिसत असते.

मग आपल्याकडे काय झाले? पोथी राहिली आणि पाहणे गेले. प्रेताचा विटाळ मानणाऱ्या समाजात पिंजरा आणि कुंचला केवळ श्लोकात उरले. ही गाठ ज्याने सोडवली त्या माणसाचे नाव मधुसूदन गुप्त. कलकत्त्याचा हा संस्कृत जाणणारा वैद्य. सुश्रुतसंहिता प्रथम छापून काढली ती त्याने, 1835-36 मध्ये. आणि त्याच 1836 साली कलकत्त्याच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयात हातात शस्त्र घेऊन शवविच्छेदनही केले त्यानेच. एका हाताने त्याने पोथी लोकांपुढे ठेवली आणि दुसऱ्या हाताने पोथीतली आज्ञा पाळली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 साली निघाले आणि 1851 साली बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या पदवीधरांत आपले भाऊ दाजी लाड होते.

पुढे चाकूही मागे पडला. 1824 साली पॅरिसच्या सिव्हियालने मूत्रमार्गातून हत्यार घालून खडा आतच भुगा केला. 1878 साली अमेरिकेच्या बिगेलोने तो भुगा एकाच बैठकीत धुऊन काढण्याची युक्ती आणली. पण मुलग्यांची वाट फार अरुंद, त्यांच्यासाठी चाकूच बरा, असे सारे म्हणत. ते खोटे ठरवण्यात पुढे होता आपल्या होळकरांच्या इंदुरातला शल्यवैद्य कीगन. 1880 नंतरच्या दशकात त्याने बारीक हत्यारे वापरून लहानग्यांचे खडे न कापता काढले आणि ते जगाला लिहून कळवले. ज्या देशात सुश्रुताने यवाचे माप दिले, त्याच देशात पोरांच्या अंगावरचा चाकू उचलला गेला.

आज मूत्राशयाच्या खड्याची ती दहशत राहिलेली नाही. पण त्या अक्रोडाएवढ्या ग्रंथीने म्हातारपणी फुगून मूत्राची वाट आवळणे काही थांबलेले नाही. घरोघरी एखादे आजोबा रात्री चारचारदा उठतात, दाराची कडी हळूच काढतात, आणि सकाळी कोणी विचारले तर ‘झोप लागत नाही रे’ एवढेच सांगतात. लाज त्यांना बोलू देत नाही. जी जागा आपण नाव घेण्याच्या पलीकडची ठरवली, तिथे अंधार साठला, आणि त्या अंधारात दोन हजार वर्षे पोरे मेली. ज्यांनी तिथे दिवा नेला ते धीट तर होतेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी पाहायची लाज धरली नाही.

पीप्सची मेजवानी मला म्हणूनच आवडते. आपले अवघड दुखणे त्याने पेटीत घातले, पण दडवले नाही. जेवणाच्या टेबलावर मांडले, आणि दुसऱ्याला धीर द्यायला खिशात घालून नेले. यंदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणात पणत्या लागतील तेव्हा रात्री उठणाऱ्या त्या आजोबांना कोणीतरी जवळ बसून, हळू आवाजात, पण सरळ विचारावे, ‘आजोबा, लघवीचा काही त्रास होतो का?’ जावई वैद्य असला तर त्यानेच विचारावे. म्हण बदलायला तेवढे पुरेल.