तुकोबांच्या वाटेने

डिंगोऱ्याहून नगरच्या दिशेला निघालं की थोड्याच वेळात ओतूर लागतं. मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराचं देऊळ आहे. श्रावणी सोमवारी तिथे तांदळाच्या पिंडी रचतात आणि सगळा जुन्नर तालुका तिकडे लोटतो. तिथेच बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, तुकोबांच्या स्वप्नात येऊन ज्यांनी 'रामकृष्णहरी' मंत्र दिला, ते हे बाबाजी. इकडची माणसं ही हकीकत इतक्या आपलेपणाने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, परवाच घडली असेल.

मी ख्रिस्ती आहे. माहेर नगरकडचं. मराठीची शिक्षिका म्हणून या भागात आले आणि डिंगोऱ्यातच स्थायिक झाले. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती श्रद्धेबद्दल लिहायचं तर मला सुरुवात ओतूरपासूनच करावीशी वाटते, कारण रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलाचा पहिला दगड आमच्या शेजारच्या गावात आहे, असं मी मानते.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं. मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी नगरला जाऊन पाहिली होती. पुढे खेड्यापाड्यांतून महार आणि मांग समाजातली घरंच्या घरं ख्रिस्ती मंडळीत आली. त्यांतलंच एक आमचं. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. नव्या करारातलं ख्रिस्ताचं डोंगरावरील प्रवचन मात्र तिला तोंडपाठ होतं, कारण तिच्या आईने ते जात्यावर बसून तिला ऐकवलं होतं. उपासनेच्या गीतांचं पुस्तक ती मांडीवर उघडून बसायची. पान कोणतंही असो, गीत बरोबर तेच यायचं जे पाळकांनी सांगितलेलं असे. चुलीच्या धुराने त्या पुस्तकाच्या कडा तपकिरी पडल्या होत्या आणि 'टिळक' हे नाव जिथे जिथे छापलं होतं तिथे कुणीतरी शिसपेन्सिलीने फुली केलेली होती. नुसत्या फुल्या मोजल्या तरी कळायचं की आमच्या घरी कुणाची गाणी म्हटली जात.

टिळक कोकणातले, १८६१ साली करजगावला जन्मलेले चित्पावन ब्राह्मण. नाशकात संस्कृत शिकले, कवी झाले, कीर्तनं केली, नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. कुठेही स्वस्थ बसवेना असा माणूस. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा संस्कृत काव्याच्या निघाल्या. उतरताना त्या गृहस्थांनी नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं ते जुन्या शास्त्र्याच्या सवयीने, खुणा करत करत, पण डोंगरावरील प्रवचनाशी ते अडले. ती पानं सोडून त्यांना पुढे जाववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बहुतेक लेखक टिळकांची गोष्ट इथे संपवतात. माझ्या मते ती इथे सुरू होते. बाप्तिस्म्याला एक तारीख असते. श्रद्धेला मात्र वर्षं लागतात, आणि ती वर्षं घरातल्या माणसांच्या अंगावरून जातात. पंडिता रमाबाईंचंही तसंच झालं. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण आपल्याला धर्म मिळाला होता आणि ख्रिस्त मिळायचा राहिला होता, हे उमगायला आणखी आठ वर्षं जावी लागली, असं त्यांनीच पुढे आपल्या आत्मनिवेदनात मांडलं. आमच्याच पुणे जिल्ह्यात, केडगावला, त्यांनी मुक्ती मिशन उभारलं ते या दुसऱ्या जागेपणानंतर.

लक्ष्मीबाई टिळकांची तर वेगळीच कहाणी. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी, सोवळ्या-ओवळ्यात वाढलेली. नवरा ख्रिस्ती झाला आणि संसार मोडला. आप्तांनी त्यांना आपल्याकडे नेलं. काही काळ त्या पंढरपुरातही राहिल्या. चार-पाच वर्षं अशीच गेली. पुढे मुलगा दत्तू याला घेऊन त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी त्या वेगळेपणाला धक्का लावला नाही. बायकोला जबरदस्तीने आपल्या पंगतीला बसवण्याचा अधिकार त्या काळात कुणीही नवऱ्याला दिला असता, तो त्यांनी वापरला नाही. मला त्यांच्या कवितांइतकीच ही गोष्ट मोठी वाटते.

मग राहुरीचा मुक्काम. तिथे लक्ष्मीबाईंच्या मनात जातीचा विचार घोळू लागला. माणूस देवाने केला, मग जाती कुणी केल्या? एकाच्या हातचं पाणी चालतं आणि दुसऱ्याच्या हातचं विटाळतं, हे देवाला कसं आवडेल? या प्रश्नांचा त्यांनी स्वतःच्या मनाशी निकाल लावला आणि सांगून टाकलं की आजपासून मी कुणाच्याही हातचं खाईन-पिईन. तोवर त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो झाला १९०० साली. आधी हात मोकळा झाला, मग मन, मग पाणी डोक्यावर आलं. आमच्या आजीच्या पिढीला हे फार जवळचं होतं. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्यांच्या घरी एक ब्राह्मण बाई येऊन जेवली, हीच त्यांच्यासाठी शुभवर्तमानाची खूण होती. प्लेगच्या साथीतही लक्ष्मीबाई नगरला रोग्यांच्या सेवेला उभ्या राहिल्या.

डिंगोऱ्यात सप्ताह बसतो तेव्हा मीही कीर्तन ऐकायला जाते. एकदा भजनी मंडळातल्या एका वयस्कर बुवांनी विचारलं, "बाई, तुमच्यात भजन असतंय का?"

म्हटलं, "असतं की, बुवा. अभंग असतात, टाळ असतात, पेटी असते."

"आन् कीर्तन?"

"तेही असतं."

नगरच्या मंडळीत ख्रिस्ती कीर्तन एकोणिसाव्या शतकातच उभं राहिलं. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी गीतं रचली, कीर्तनं केली. टिळक आल्यावर तर मराठी उपासनेचा सूरच पालटला. तोवर पुष्कळशी गीतं इंग्रजी चालींवर बेतलेली असत. शब्द मराठी आणि ठेका परका. टिळकांनी ओवी, अभंग, पदं आणली. त्यांच्या अभंगांच्या संग्रहाचं नाव 'अभंगांजली'. आजीसारख्या निरक्षर बाईला देवाशी बोलायला घरची भाषा मिळाली, ती यामुळे. ख्रिस्ती व्हायचं तर साहेबासारखं व्हावं लागतं, हा समज टिळकांना मनापासून सलत होता. आपल्या देशाचा, आपल्या संतांचा हात सोडून ख्रिस्ताचा हात धरता येतो, हे त्यांना पटलं नाही. मलाही पटत नाही. वारकऱ्यांची आणि आमची श्रद्धा एकच आहे, असं मी म्हणणार नाही. क्रूसावरचा ख्रिस्त हा माझ्यासाठी एकटाच तारणारा आहे. पण त्याची ओढ लागायला जे मन लागतं, ते मराठी माणसात तुकोबांनी मशागत करून ठेवलं होतं, एवढं मी ठामपणे सांगते.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही उंबऱ्याबाहेर ठेवायचं नाही, हा त्यांचा आग्रह. मिशनरी मित्रांतल्या काहींना ते रुचलं नाही. दरबार फुलायला अवधीच मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. ही खंत मला अजून वाटते. तो दरबार दहा-वीस वर्षं चालता, तर आज सप्ताहाच्या मांडवात आणि चर्चच्या आवारात एकमेकांकडे जाणं-येणं अधिक असतं.

'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्यही त्यांनी अर्धवट सोडलं होतं. ते हातात घेतलं लक्ष्मीबाईंनी. कधीकाळी नवऱ्याच्या हातचं पाणी न पिणाऱ्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने ख्रिस्ताच्या चरित्राचे ६४ अध्याय रचले. त्याच सुमारास त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र येऊ लागलं. माणसाच्या आयुष्यात श्रद्धा कशी वाढते, असं आमच्या मंडळीतल्या तरुण पोरांनी विचारलं की मी त्यांना 'स्मृतिचित्रे'तला राहुरीचा भाग काढून देते, आणि वाचून झाल्यावर ओतूरला घेऊन जाते.