जननेंद्रियावरील पुटकुळ्या : हर्पिस कोणता, निरुपद्रवी कोणता?

जननेंद्रियाच्या त्वचेवर एखादी पुटकुळी हाताला लागली की मनात पहिली शंका गुप्तरोगाची येते. संकोचापोटी ती कोणाला सांगितली जात नाही आणि औषधाच्या दुकानातून एखादे मलम आणून लावले जाते. वास्तविक या भागातील अनेक पुटकुळ्या निरुपद्रवी असतात. ज्यांची तपासणी खरोखर आवश्यक असते, त्यांचे स्वरूप मात्र अशा मलमांमुळे बदलते आणि निदान अवघड होते.

हर्पिसची लक्षणे

हा आजार हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच्या दोन प्रकारांमुळे होतो. पहिला प्रामुख्याने ओठांवर फोड आणतो, परंतु मुखमैथुनातून जननेंद्रियांपर्यंतही पोहोचतो. दुसरा मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांना दुसऱ्या प्रकाराची लागण झालेली आहे. आपल्याकडे ‘नागीण’ म्हणतात तो आजार याहून वेगळा असून तो कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो.

लक्षणे दिसलीच, तर ती बहुधा संसर्गानंतर २ ते १२ दिवसांत दिसतात. आधी त्या जागी चुणचुण किंवा आग होते. मग लालसर त्वचेवर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठतो. काही दिवसांत ते फुटून उथळ, दुखऱ्या जखमा होतात, त्यांवर खपली धरते. पहिल्या वेळी ताप, अंगदुखी, लघवीच्या वेळी जळजळ आणि जांघेत अवधाण येणे ही लक्षणेही आढळतात. जखमा भरण्यास २ ते ४ आठवडे लागतात. पुढे फोड पुन्हा आले तरी त्रास सहसा सौम्य असतो.

निरुपद्रवी कण

शिश्नमुंडाच्या कडेने एक-दोन ओळींत मोत्यांसारखे दिसणारे एकसारखे दाणे ही शरीराची स्वाभाविक रचना आहे. त्यांचा लैंगिक संबंधाशी वा अस्वच्छतेशी काहीही संबंध नसतो. शिश्नाच्या त्वचेवर किंवा भगोष्ठांवर दिसणारे पिवळसर-पांढरे ‘फोर्डाईस’ कण म्हणजे तैलग्रंथी होत. हे दोन्ही दुखत नाहीत, फुटत नाहीत आणि वर्षानुवर्षे तसेच राहतात. केस काढल्यानंतर उठणारे केसतूड दुखते खरे, पण त्याच्या मध्यभागी केस असतो आणि आत बहुधा पू असतो.

दुखत नाही म्हणून प्रत्येक पुटकुळी निर्धोक ठरत नाही. उपदंशाची पहिली जखम सहसा एकच, टणक आणि वेदनारहित असते. मध्यभागी खळगा असलेले गुळगुळीत दाणे किंवा चामखिळीसारखी वाढ हीदेखील विषाणूजन्य असू शकते.

तपासणी आणि उपचार

केवळ पाहून केलेले निदान चुकू शकते. ताज्या फोडातील द्रवाची पीसीआर चाचणी सर्वांत विश्वसनीय असते. खपली धरल्यानंतर विषाणू सापडण्याची शक्यता घटते, म्हणून फोड दिसताच डॉक्टरांकडे जावे. रक्तचाचणीत प्रतिपिंडे दिसण्यास काही आठवडे लागतात, शिवाय संसर्ग केव्हा झाला हे तिच्यावरून निश्चित होत नाही. स्टेरॉइडयुक्त मिश्र मलमे स्वतःहून लावू नयेत.

असायक्लोव्हिरसारख्या गोळ्या लवकर सुरू केल्यास त्रासाचा काळ कमी होतो. मात्र विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये सुप्त राहतो, त्यामुळे आजार समूळ जात नाही. फोड असताना संबंध टाळावा. निरोधामुळे धोका कमी होतो, पूर्णपणे टळत नाही. गर्भवतीने हा आजार प्रसूतितज्ज्ञांना अवश्य सांगावा. गरोदरपणाच्या अखेरीस प्रथमच लागण झाल्यास नवजात बाळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो.

शासकीय रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक आजारांवर गोपनीय सल्ला व उपचार मिळतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावरही माहिती मिळते.

हर्पिसचे निदान झाले की घरात पहिला प्रश्न विश्वासाचा उभा राहतो. परंतु विषाणू कोणतेही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे शरीरात राहू शकतो. ज्याला फोड कधीच आले नाहीत, अशा जोडीदाराकडूनही नकळत संसर्ग होतो. त्यामुळे विवाहानंतर अनेक वर्षांनी प्रथमच उठलेले फोड हा कोणाच्याही व्यभिचाराचा पुरावा ठरत नाही. अशा वेळी पती-पत्नींनी एकत्र डॉक्टरांकडे जाणे दोघांच्याही हिताचे असते.