डबडा मॉनिटर कुठे गेला?

ज्या फोनवर तुम्ही आत्ता हे ऐकताय, तो एक दिवस भंगारात जाणार. आज त्या भंगाराचाच इतिहास.

2008 साली मुंबईत आमच्या घरचा डबडा मॉनिटर असाच गेला. भंगारवाल्याने तो काट्यावर ठेवलाच नाही. "चालू आहे का?" विचारलं आणि दीडशे रुपये दिले. आईला वाटलं, बिचारा फसला!

फसलीबिसली नव्हती त्याची गणितं. चालू मॉनिटरच्या पिक्चर ट्यूबपासून तेव्हा स्वस्तातले टीव्ही जोडायचे. बंद निघाला तरी ट्यूबच्या मानेभोवतीच्या कॉइलमध्ये तांबं असायचंच.

ही विद्या जुनीच. कुर्ला, साकीनाका, धारावी इथले भंगारवाले पत्रा, प्लॅस्टिक, मशीनचे भाग आधीपासून वेगळे करत होते. 1991 नंतर ऑफिसांत कॉम्प्युटर आले, काही वर्षांत ते मोडीत निघाले, आणि त्याच हातांनी तेही उघडले. कोणी शिकवलं नाही.

पण सर्किट बोर्ड पुढे जातात. बरेचसे दिल्लीच्या सीलमपूरला, तिथून मुरादाबादला. मुरादाबाद म्हणजे पितळेचं गाव; धातू वितळवणं तिथे घराघरात. सोन्या-तांब्यासाठी तिथे बोर्ड जाळले, अ‍ॅसिडात बुडवले, आणि काळी राख रामगंगेच्या काठावर साचली. त्या धुरात उभं राहणाऱ्याच्या अंगात शिसं जातं. हे रोमँटिक नाहीये, आधीच सांगतो.

मग कायदा आला. ई-कचऱ्याचे 2011चे नियम 1 मे 2012 पासून लागू झाले. जबाबदारी कंपन्यांवर, माल फक्त परवानाधारकांकडे. ठीक. पण दारात येणारा माणूस? माझ्या मते चूक इथे झाली. हातगाडीवर गोळा करणं आणि अ‍ॅसिडात बुडवणं, ही दोन वेगळी कामं. पहिलं शहराला हवंय, दुसरं थांबायलाच हवं. आपण दोन्हींना एकच शब्द लावला: बेकायदेशीर. कामगारांना ओळख देऊन त्यांची नोंदणी करायची जबाबदारी राज्याच्या कामगार खात्यावर आली ती 2016च्या नियमांत.

आणि हे अशक्य होतं असंही नाही. पुण्यात कचरावेचकांनी 1993 मध्येच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. 2008 मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' संस्थेने पुणे महापालिकेशी घरोघरी कचरा गोळा करण्याचा करार केला. तोही ओला-सुका कचरा. मदरबोर्डपर्यंत गोष्ट यायची होती.

माझ्या ड्रॉवरमध्ये दोन बंद फोन आहेत, एकाची बॅटरी फुगलीय. तुमच्या गल्लीत असे फोन कोण नेतं, किती देतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडला वाजवू.