विशेष कक्ष, महिला व बालकांसाठी
पोलीस यंत्रणेत राहून कौटुंबिक हिंसेने पीडित स्त्रिया व मुले यांना साहाय्य करणारी महाराष्ट्रातील समाजकार्य-योजना. टाटा समाजविज्ञान संस्थेने ती १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात सुरू केली. २००५ पासून राज्य शासनाने तिचा विस्तार केला. भारतीय दंड संहितेत १९८३ साली आलेल्या कलम ४९८ अ मध्ये पत्नीच्या छळाचा विचार होता, तो पाहणाऱ्या मुलाचा नव्हता. वस्तुतः स्वतः मार न खाताही अशा मुलांत झोपमोड, अंथरुणात लघवी होणे, अबोलपणा वा आक्रमकता आढळते. कित्येक मुले दोष स्वतःकडेच घेतात. म्हणून समाजकार्यकर्तीने मुलाशी एकांतात बोलावे, त्याला साक्षीदार बनवून आईबापांच्या वादात ओढू नये, हे इष्ट. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम २१ नुसार दंडाधिकारी मुलांचा तात्पुरता ताबा पीडितेकडे देऊ शकतो व अपायकारक ठरणारी पित्याची भेट नाकारू शकतो.